टायगरला घराबाहेर काढू नका, गोचीड भिंतीत आहे

प्रश्न

नमस्कार डॉक्टर,

आम्ही दोडामार्ग तालुक्यात राहतो. घरामागे काजूची बाग, पलीकडे लगेच जंगल. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा, दोन गाई, थोड्या कोंबड्या, मनी नावाची मांजर आणि टायगर. टायगर गावठीच आहे, चार वर्षांचा. दिवाळीपासून त्याच्या अंगावर गोचिडी इतक्या झाल्यात की रोज काढूनही संपत नाहीत. कानात, पंजाच्या बोटांमध्ये, मानेखाली. यजमानांनी रॉकेल लावून बघितलं, गाईचं औषध लावून बघितलं. आता आंब्यावर मारायचं औषध पाण्यात टाकून आंघोळ घालू म्हणतात. गेल्या आठवड्यापासून टायगर मलूल आहे, भाकरीला तोंड लावत नाही. परवा मुलाच्या कानामागे एक गोचीड चिकटलेली सापडली, सासूबाईंनी अगरबत्तीचा चटका देऊन ती काढली. त्यात पंधरा दिवसांपूर्वी बागेच्या कडेला एक वानर मरून पडलं होतं, ते यजमानांनी ओढून व्हाळात टाकलं. तेव्हापासून घरात एकच विषय, गोचिडीपासून होणारा माकडताप. सासूबाई रोज म्हणतात, "ह्या कुत्र्याक आधी खंयतरी सोडून ये." नाहीतर निदान गोठ्यात बांधा म्हणतात. मुलाचा त्याच्यावर फार जीव आहे. काय करू? गोचिडीमुळे रेबीजही होतो असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का?

– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी थांबण्यासारख्या नव्हत्या, म्हणून त्या पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला कळवल्या होत्या. टायगरला लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि मेलेल्या वानराची खबर वन खात्याला व आरोग्य केंद्राला द्या. बाकीचं इथे सविस्तर लिहितो. हाच प्रश्न बांद्यापासून पलीकडे गोव्यातल्या सत्तरीपर्यंत कितीतरी घरांत चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोचिडींची गल्लत झालेली असते. एक घरातली, एक रानातली. दोघींचा बंदोबस्त वेगळा, दोघींपासूनचा धोकाही वेगळा.

टायगरच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात जी आहे ती कुत्र्याची तपकिरी गोचीड. ही जात जगभर कुत्र्यांच्याच आधाराने राहते. उजेडात टायगरचा कान उलटा करून बघा. चपट्या, लालसर तपकिरी, भराभर चालणाऱ्या दिसतील त्यांत नर असतील आणि अजून रक्त न प्यायलेल्या माद्या. त्यांच्या शेजारी एकाच जागी तोंड रुतवून बसलेली, करडी, टपोरी, एरंडीच्या बीसारखी दिसते ती रक्त पिऊन फुगलेली मादी. तुम्ही रोज उपटता ती बहुधा हीच, कारण तीच डोळ्यांना दिसते. पण तुमच्या हाती न लागलेली मादी आठवडाभर रक्त पिऊन आपणहून गळून पडते, सरपटत एखाद्या फटीत शिरते, तिथे हजारोंनी अंडी घालते आणि मरते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जाऊ शकतात.

अंड्यातून सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, थोडे दिवस रक्त पितात, खाली उतरतात, फटीत बसून कात टाकतात. मग आठ पायांची होऊन पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात, पुन्हा कात टाकतात आणि प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढतात. म्हणजे प्रत्येक गोचीड आयुष्यात तीनदा टायगरवर येते आणि मधला सगळा काळ तुमच्या घरात काढते. आपल्याकडच्या हवेत हे चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. दिवाळीपासून रोज काढूनही संपत नाहीत याचं कारण हे. तुम्ही जेवायला आलेल्या गोचिडी मोजताय, घर करून राहिलेल्या तुम्हाला दिसतच नाहीत.

आणि कोकणातल्या घरासारखं घर तिला मिळणं नाही. चिऱ्याच्या भिंती, गिलावा न केलेल्या, प्रत्येक चिऱ्याला भोकं. या गोचिडीला वर चढायची सवय असते. त्यामुळे ती टायगरच्या गोणपाटात तर असतेच, पण भिंतीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, पडवीच्या वाशांपर्यंतही पोचलेली असते. रात्री टॉर्च घेऊन टायगर झोपतो त्या कोपऱ्याची भिंत कमरेच्या उंचीपर्यंत नीट बघा, दोन चिऱ्यांमधल्या भेगा खास बघा. यजमानांनाही दाखवा. एकदा ते बघितलं की कुत्र्याला काय लावायचं या विषयावरची घरातली चर्चा आपोआप भिंतीकडे वळेल.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नाही, नातवाच्या कानामागे गोचीड सापडल्यावर कुठलीही आजी हेच म्हणेल. पण टायगरला उद्या सोडून आलात तर भिंतीतल्या गोचिडी कुठे जाणार? त्या तिथेच राहणार. प्रौढ गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते, कधी वर्षभराहूनही जास्त. या गोचिडीला कुत्रा मिळत असेल तोवर ती माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही, पण कुत्रा गेला आणि ती उपाशी राहिली की समोर येईल त्याला चावते. कुत्रा घालवल्यावर घरातल्या माणसांना गोचिडी चावायला लागल्या असं होऊ शकतं. उलट टायगर घरात राहिला आणि त्याच्या अंगात योग्य औषध असलं, तर भिंतीतून निघून त्याच्यावर चढणारी प्रत्येक गोचीड मरते. तुमच्या घरातला गोचिडींचा सापळा म्हणजे टायगरच. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांना पटेल असं वाटतं. शिवाय सोडलेला कुत्रा जिथे जातो तिथे अर्धपोटी फिरतो, लस चुकते, आणि गोचिडी दुसऱ्याच्या पडवीत पोचवतो. मला ही गोष्ट मनापासून खुपते, म्हणून स्पष्ट लिहितो: आजारी जनावर सोडून देणं हा उपाय नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तो गुन्हा आहे.

औषधाबद्दल बोलायच्या आधी जे लावू नये ते. रॉकेलने गोचीड सुटते असं वाटतं, पण कुत्र्याची कातडी भाजते, आणि तो अंग चाटतो तेव्हा रॉकेल पोटात जातं. फिनेलची आंघोळही तशीच वाईट. गाईचं औषध कुत्र्याला लावताना पाण्यातलं प्रमाण चुकलं की विषबाधा होते, आणि ते प्रमाण अंदाजाने ठरवायचं नसतंच. आंब्यावर मारायच्या औषधाचं तर नावही काढू नका. तुडतुड्यावर मारायची काही औषधं कातडीतून अंगात भिनतात. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळायला लागते, अंग थरथरतं, श्वास अडकतो, आणि हे तासाभरात होऊ शकतं. ती आंघोळ घालणाऱ्याच्या हातांनाही तोच धोका. बागेतलं औषध बागेत राहू दे.

आता काय द्यायचं ते. हल्ली कुत्र्यांसाठी तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात. अफॉक्सोलेनर नावाच्या औषधाची गोळी महिनाभर चालते, फ्लुरालेनरची साधारण तीन महिने. कुत्र्याच्या वजनावर मात्रा ठरते, म्हणून डॉक्टरांनी वजन करून लिहून द्यायला हवी. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्याबाबत ते आधीच सांगायला हवं. गोळी दिल्यावरही दुसऱ्या दिवशी अंगावर गोचिडी दिसतील, त्याने घाबरू नका. गोळीचं औषध रक्तात असतं, गोचीड चावली की मग मरते. गोळी परवडत नसेल तर फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब किंवा स्प्रे स्वस्त पडतो. तो नेमाने, ठरल्या दिवशी द्यावा लागतो आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही एवढं सांभाळा. सरकारी दवाखान्यात विचारायला लाजू नका, काय उपलब्ध आहे ते तिथे कळेल. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री क्रमांकही जवळ ठेवा.

मनीबद्दल तुम्ही एका शब्दाने लिहिलंय, पण मला तिची काळजी वाटली. कुत्र्यासाठीच्या काही थेंबांत आणि पट्ट्यांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विष आहे. गोचिडीवरचं अमिट्राझ नावाचं औषधही तसंच. मनी टायगरला बिलगून झोपत असेल तर त्याला लावलेलं औषधही तिच्या अंगाला लागतं आणि चाटताना पोटात जातं. डॉक्टरांना औषध विचारताना "घरात मांजर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

घराचं काम कंटाळवाणं आहे, पण खरी लढाई तिथेच आहे. टायगरचं गोणपाट जाळून टाका आणि नवं द्या, धुऊन उन्हात टाकता येईल असं एखादं जुनं सुती कापड. ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवायचं. तो झोपतो त्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या भेगा सिमेंटने किंवा चुन्याने बुजवून घ्या. सगळं घर लिंपायची गरज नाही, त्याची झोपायची जागा, पायऱ्या आणि तो दुपारी पडतो ती सावलीची बाजू, एवढंच. दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. भेगांमध्ये फवारायचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच आणा, कारण त्याच त्या औषधाला काही ठिकाणी गोचिडी सरावल्या आहेत. फवारताना टायगर, मनी आणि मुलगा बाहेर, आणि सगळं सुकल्याशिवाय आत नाही. कोंबड्या खळ्यात पडलेल्या गोचिडी टिपतात हे खरं आहे, पण त्यांच्यावर भिस्त ठेवण्याइतक्या नाहीत. उलट जमिनीवर औषधी पावडर टाकलीत तर ती कोंबड्यांच्या पोटात आणि तिथून अंड्यात जाईल. फवारणी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन महिने करावी लागेल, अंड्यांवर औषध चालत नाही म्हणून. पहिल्या महिन्यानंतर गोचिडी कमी दिसल्या की सगळे ढिले पडतात. तिथेच फसगत होते.

टायगर जेवत नाही, मलूल आहे, यावरून मला गोचीडतापाचा संशय आहे. कुत्र्यांना हा मुख्यतः दोन प्रकारचा होतो. एकात एर्लिकिया नावाचे जंतू पांढऱ्या पेशींत शिरतात, दुसऱ्यात बबेसिया नावाचे परजीवी तांबड्या पेशी फोडतात. घरी बघण्यासारखं एवढंच: वरचा ओठ उचलून हिरडी बघा. निरोगी कुत्र्याची गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की पांढरी होऊन लगेच रंग परत येतो. फिकट, पांढुरकी दिसली तर अंगातलं रक्त कमी झालंय. नाकातून रक्त येणं, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, किंवा कॉफीच्या रंगाची लघवी यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. डॉक्टर रक्ताची तपासणी करतील, प्लेटलेट बघतील. एर्लिकिया असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. पाच-सहा दिवसांत टायगर शेपूट हलवत उठेल, भाकरी मागेल, आणि तिथेच बरेच लोक गोळ्या थांबवतात. मग जंतू अंगात दबून राहतात आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर घाव घालतात, तेव्हा वाचवणं फार कठीण होतं. गोळ्या दुधात कालवून देऊ नका, दुधामुळे त्यांचा गुण कमी होतो. भातात किंवा माशाच्या तुकड्यात द्या आणि वर पाणी पाजा. बबेसिया निघाला तर त्याचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टर देतील.

आता माकडताप. हा टायगरच्या कानातल्या गोचिडीचा आजार नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडू लागली, आणि पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. म्हणून त्याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तो पसरवते ती मुख्यतः हिमॅफिसॅलिस नावाची रानातली गोचीड. तिची पिल्लं उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी आणि माकडांवर वाढतात, मोठी झाली की गाईगुरांवर. माणसाला चावतं ते मधल्या अवस्थेतलं पिल्लू, जेमतेम एक मिलिमीटरचं. चावलेलं कळतही नाही. आपल्या भागात हा आजार अलीकडे आला. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात, २०१६ मध्ये तुमच्या दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतरच्या वर्षी बांदा परिसरात. काजू वेचायला जाणारी माणसं त्यात जास्त सापडली, कारण ही पिल्लं नोव्हेंबर ते मे या काळात पाचोळ्यात असतात आणि काजूचा हंगामही नेमका तेव्हाच.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, आणि कुत्र्याकडून किंवा गाईकडून थेट होत नाही. टायगरचा यात संबंध एवढाच की तो रानात भटकून आला तर त्याच्या केसांतून रानातली एखादी गोचीड पडवीत येऊ शकते. म्हणून हंगामात त्याला बागेपलीकडे मोकळा सोडू नका. औषधाची गोळी त्याला चालू असली की हाही धोका बराच कमी होतो.

वानराचं मात्र गांभीर्याने घ्या. काळतोंडी वानरं आणि लालतोंडी माकडं दोन्ही या तापाने मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या विषाणू असलेल्या गोचिडी गळून त्याच जागी पाचोळ्यात पसरतात, आणि पुढचे काही आठवडे ती जागा सगळ्यात धोक्याची असते. यजमानांनी वानर ओढून नेलं त्या वाटेवरही त्या सांडल्या असतील. त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही, बागेत मेलेलं जनावर कोणीही हलवेल. पण ती जागा आणि व्हाळाकडची वाट आता कोणीही तुडवू नका, गुरंही तिकडे सोडू नका. वन खात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. आरोग्य केंद्राला कळवलंत तर ते त्या जागेभोवती गोचीडनाशक पावडर मारण्याची व्यवस्था करतात, आणि मेलेलं माकड ताजं असेल तर नमुने तपासणीला पाठवतात. प्रत्येक मेलेलं वानर माकडतापानेच मेलेलं असतं असं नाही, विजेच्या तारेनेही मरतात, कुत्र्यांनीही मारलेली असतात. पण हे ठरवणं आपलं काम नाही. दिसलं की हात न लावता फोन करायचा.

यजमानांनी वानर हलवलं त्याला पंधरा दिवस होऊन गेले. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो, त्यामुळे त्यांना अजून काही झालेलं नसेल तर त्या दिवसापुरतं निर्धास्त राहायला हरकत नाही. पण बाग चालू आहे, म्हणजे धोकाही चालू आहे. एकदम चढलेला ताप, असह्य डोकेदुखी, पाठ-पोटऱ्या मोडून काढणारं दुखणं, डोळे लाल होणं, उलट्या, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, ही त्याची लक्षणं. ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी काहींना पुन्हा येतो, तेव्हा चक्कर, कंप, बरळणंही दिसतं. यावर खास औषध नाही, पण वेळेवर दवाखान्यात दाखल झालेली बहुतेक माणसं बरी होतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात, म्हणून अंगावर काढायचा ताप हा नव्हे. ताप आला तर गोळी फक्त पॅरासिटामॉलची घ्या, अंगदुखीच्या इतर गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पूर्वी दिली जाणारी लस फारशी परिणामकारक ठरली नाही म्हणून बंद झाली आहे. तेव्हा सध्या भिस्त अंग झाकण्यावरच.

ते कसं, तर बागेत जाताना फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. उन्हात हे नको वाटतं, माहीत आहे. आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं, गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल मिळतं का विचारा, ते हातापायांना आणि मानेला लावून जा. काजू वेचताना पाचोळ्यावर बसकण मारू नका, खाली टाकलेल्या कपड्यावर टेकू नका. गोठ्यात अंथरायला पातेरा आणता ना? या दिवसांत जंगलाकडेचा पातेरा भाऱ्याने डोक्यावरून घरी आणणं म्हणजे गोचिडीची पिल्लं मानेवर घेऊन येणं. गवत किंवा पेंढा वापरा. घरी आल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात, आणि साबण लावून घासून आंघोळ. नंतर एकमेकांचं अंग बघा: काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या मुळाशी.

मुलाच्या कानामागे सापडलेली बहुधा टायगरकडची असावी, पण तुम्ही ती जपून ठेवली नसेल तर आता ओळखता येणार नाही. कुत्र्याच्या गोचिडीपासूनही माणसाला एक ताप होतो, टिक टायफस म्हणतात त्याला. ताप आणि अंगभर पुरळ, तळहात-तळपायांवरसुद्धा. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने चटकन बरा होतो. चावल्यापासून दोन आठवडे मुलाच्या तापाकडे आणि कानामागच्या जागेकडे लक्ष ठेवा. चावलेल्या जागी काळी खपली धरलेली दिसली तर तीही डॉक्टरांना दाखवा. रानातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसमध्येही अशीच खपली असते. आणि ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की गोचीड चावली होती, घरामागे जंगल आहे, जवळ वानर मेलं होतं. दवाखान्यातल्या गर्दीत हे तीन शब्द निसटले की ताप मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत अडकून राहतो.

चटका मात्र पुन्हा कोणी देऊ नये. त्याने मूल भाजतं, आणि डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. तेल, चुना, रॉकेल लावून गुदमरवणंही नको. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचिडीचं पोट न दाबता अगदी कातडीलगत तोंडापाशी पकडायचं आणि पिरगळा न देता सावकाश सरळ वर ओढायचं. कातडी थोडी ताणली जाते, मग ती सुटते. सोंडेचा तुकडा आत राहिला तर कोरत बसू नका, तो आपणहून बाहेर पडतो. जागा साबणाने धुवा. काढलेली गोचीड नखावर किंवा पायाखाली चिरडू नका, तिच्यातलं रक्त बोटांना लागतं. छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका आणि वर तारीख लिहा. टायगरच्या गोचिडी काढतानाही हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी घाला, आणि ते काम मुलाला देऊ नका.

गोचिडीमुळे रेबीज होत नाही. तो लाळेतून, चाव्यातून येतो. टायगरची रेबीजची वार्षिक लस झाली आहे का ते मात्र याच फेरीत विचारून घ्या.

राहिला गोठा. टायगरला तिथे बांधू नका. त्याच्या गोचिडींना आणखी चिऱ्याच्या भिंती मिळतील, आणि गाई चरून येताना अंगावर आणलेल्या रानातल्या गोचिडींशेजारी तो रात्रभर बांधलेला राहील. गाईंचं काम वेगळं आहे आणि त्याची वेळही वेगळी. रानातल्या त्या गोचिडीच्या प्रौढ माद्या पावसाळ्यात गुरांवर चढतात, पावसाळा सरता सरता पिल्लं होतात, आणि तीच वाढून काजूच्या हंगामात माणसांना चावतात. म्हणून जूनमध्ये पाऊस लागला की गाईंना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडीचं औषध सुरू करा आणि श्रावणभर चालू ठेवा. कास, शेपटीचं मूळ आणि कानांची आतली बाजू रोज संध्याकाळी बघा. गाय दुभती असेल तर औषध लिहून घेतानाच सांगा. काही औषधांनंतर ठरावीक दिवस दूध वापरता येत नाही, आणि काही औषधं दुभत्या गाईला द्यायचीच नसतात.